गोझोची बोट सुटण्याआधी

माझ्या मोठ्या जाऊबाईंना मी माल्टा दाखवला तो त्यांना त्रास व्हावा म्हणून. नवऱ्याला यातलं अर्धंच माहीत आहे. बाकीचं मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे.

आम्ही वोल्फ्सबुर्गला राहतो. नवरा इथल्या मोटारींच्या कारखान्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, मी एका छोट्या कंपनीत टेस्टिंगला आहे. गाव शांत, सरळ रस्त्यांचं, गाडीशिवाय कुठे जाता येत नाही असं. पुण्याहून कुणी आलं की पहिल्या दिवशी म्हणतं, "किती छान शांत आहे गं!" आणि पाचव्या दिवशी विचारतं, "इथे बघण्यासारखं काय आहे?"

जाऊबाईंनी तिसऱ्याच दिवशी विचारलं. गेल्या उन्हाळ्यात त्या एकट्याच आल्या होत्या. मोठ्या दिरांना विमानाचा प्रवास सोसत नाही आणि त्यांचा मुलगा आता बंगळुरूला असतो. साठी उलटलेली, गुडघ्यांना पट्टे, पण साड्यांच्या घड्या अजून इस्त्री केल्यासारख्या. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून त्या म्हणाल्या, "मला बर्फ बघायचाय. स्वित्झर्लंड. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्या जाऊन आल्या."

मी म्हटलं, "वहिनी, स्वित्झर्लंड सगळेच बघतात. मी तुम्हाला वेगळं काहीतरी दाखवते. समुद्रातला एक देश आहे, अख्खा देश पुणे शहराएवढासुद्धा नाही. सात हजार वर्षांपासून माणसं राहतात तिथे."

"बर्फ आहे का?"

"समुद्र आहे."

मी माल्टाला आधी एकदा जाऊन आले होते, ऑफिसच्या कामासाठी. मला माहीत होतं की जुलैमध्ये तिथला दगड भट्टीसारखा तापतो. राजधानी व्हॅलेटामधले निम्मे रस्ते म्हणजे नुसत्या पायऱ्या. बसची वाट बघताना सावली मिळत नाही, आणि जी पुराणी देवळं म्हणून दाखवतात ती माळरानावर, जवळ चहासुद्धा नाही अशी. हे सगळं आठवून, गुडघ्याच्या पट्ट्यांकडे बघत मी पाच दिवसांचा कार्यक्रम आखला. नवऱ्याला सुट्टी नव्हती. मुलीची परीक्षा होती, ती म्हणाली, "इष कान निष्ट, ममा," म्हणजे मला नाही जमणार, आई. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं. तेव्हा आम्ही दोघीच जाणार हे ठरलं. मला तेच हवं होतं.

आता कारण सांगते.

बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. नवरा पहिल्यांदाच जर्मनीत ट्रेनिंगला आला होता, आणि मी पुण्यात सासरी होते. सासूबाई, सासरे, मोठे दीर, जाऊबाई, त्यांचा आठ वर्षांचा मुलगा. माझं माहेर अकोल्याचं. मी "करून राहिले" म्हटलं की जाऊबाई पाहुण्यांसमोर तसंच म्हणून दाखवत आणि सगळे हसत. मीही हसत असे. तेवढ्यासाठी मी कुणाला माल्टाला नेलं नसतं.

त्या मुलाची मुंज होती. सकाळी साडेसातला घरातून कार्यालयाकडे निघायची धावपळ चालली होती. मी वरच्या खोलीत मातृभोजनाची ताटं-वाट्या मोजून पिशवीत भरत होते. खाली फोन वाजला. माझ्याकडे तेव्हा मोबाइल नव्हता. फोन जाऊबाईंनी घेतला. अकोल्याहून माझे बाबा बोलत होते, हॉस्पिटलमधून. आईला आदल्या रात्री ॲडमिट केलं होतं.

मला ते कुणी सांगितलं नाही. मी कार्यालयात गेले. दिवसभर जरीची साडी नेसून दोन पंगती वाढल्या. कुणीतरी म्हणालं, "धाकटी सून गुणाची आहे हो तुमची," आणि मला बरं वाटलं. दुपारी चारला, आचारी भांडी गाडीत चढवत होता तेव्हा जाऊबाई माझ्याजवळ आल्या. हातातल्या पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "अगं, सकाळी तुझ्या बाबांचा फोन होता. आईला जरा बरं नाही म्हणे. म्हटलं कार्य होऊ दे, मग सांगू."

सकाळी कळलं असतं तर दुपारच्या गाडीनं निघून मी रात्री आईजवळ पोचले असते. रात्रीची बस मिळाली. सकाळी दहाला घरी पोचले तेव्हा अंगणात माणसं उभी होती. आई पहाटे गेली होती. मावशीनं सांगितलं की रात्री अकरापर्यंत ती दाराकडे बघत होती, दर थोड्या वेळानं विचारत होती, "आली का?" ती चौपन्न वर्षांची होती. चौदाव्या दिवशी पुण्याला परत आले तेव्हा जाऊबाई शेजारणीशी बोलताना मी ऐकलं, "आजारीच असायच्या म्हणे त्या. सुटल्या."

नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "वहिनींच्या लक्षात आलं नसेल गं." पुढे मी जर्मनीला आले, मुलगी झाली, सासूबाई दोनदा इथे येऊन राहून गेल्या, मग त्याही गेल्या. दर दिवाळीला जाऊबाईंच्या हातचा फराळ यायचा. मी खायचे. चिवडा चांगला असतो त्यांचा. पण त्यांचं ते "जरा बरं नाही" माझ्या कानातून कधी गेलं नाही.

तर माल्टा.

पहिल्या दिवशी मी त्यांना भर दुपारी व्हॅलेटाच्या पायऱ्या चढायला लावल्या. मधाच्या रंगाचा दगड, दोन्ही बाजूंना हिरव्या-लाल लाकडी सज्जांची घरं, आणि मधोमध खालपासून वरपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. मी मुद्दाम पुढे चालत होते. मनात मोजत होते की आता त्या थांबा म्हणतील, आता बसतील. अर्ध्यावर वळून पाहिलं तर त्या खरंच थांबलेल्या. पण एका घराच्या कोपऱ्याकडे मान वर करून बघत होत्या. तिथे कोनाड्यात मेरीची मूर्ती होती, समोर दिवा.

"अगं, हे बघ! घराघराच्या कोपऱ्यावर देव बसवलाय. कोण घालतं गं रोज तेल?"

"तेल नाही वहिनी, बल्ब आहे."

"असू दे. कुणीतरी लावतं ना?" आणि पदर खोचून त्या माझ्या पुढे निघाल्या.

मला आठवलंच नव्हतं की त्या मूळच्या कोकणातल्या, गुहागरकडच्या खाडीकाठच्या. चाळीस वर्षं पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावर काढली तरी समुद्र बघितल्यावर त्यांचे गुडघे कुठे गेले कोण जाणे. दुसऱ्या दिवशी मार्साश्लोकच्या बंदरात त्या नुसत्या वेड्या झाल्या. तिथल्या होड्या निळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, आणि पुढे दोन्ही बाजूंना डोळे रंगवलेले. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्यासमोर जाऊन या चक्क मराठीत विचारायला लागल्या, "बांगडा मिळतो का हो इकडे?" तो त्याच्या भाषेत काहीतरी सांगू लागला. दोघं पाच मिनिटं बोलले. एक शब्द कुणाला कळला नाही आणि दोघं खूश. जाऊबाई पुण्याला गेल्यापासून शाकाहारी आहेत. मासा चाळीस वर्षं तोंडात घातला नव्हता, पण जाळं हातात घेऊन त्याची गाठ कुठे चुकली हे त्यांनी त्या म्हाताऱ्याला दाखवलं.

माळावरची देवळंही त्यांना आवडली. ऊन पस्तीसच्या पुढे होतं. मी दमले होते, माझं डोकं दुखत होतं, आणि त्या एका प्रचंड शिळेला हात लावायला जात होत्या म्हणून रखवालदार ओरडला, तर हसल्या. संध्याकाळी मटाराचं सारण भरलेली खुसखुशीत पास्तीझी खाताना म्हणाल्या, "स्वित्झर्लंडपेक्षा हे फार बरं केलंस हो तू. बर्फात काय आहे? मी दादाला सगळे फोटो पाठवले. तो म्हणतो, पुढच्या वेळी मला पण घेऊन चल."

दादा म्हणजे त्यांचा मोठा भाऊ, चिपळूणला असतो. या दोघांचंच एकमेकांत फार. रोज सकाळी हॉटेलमध्ये वायफाय लागलं की पहिला फोन त्याला.

मी पास्तीझी चावत बसले. एवढं सगळं आखलं आणि मी त्यांना त्यांच्या आयुष्यातली सर्वांत चांगली सहल घडवून बसले. रागानं मी उरलेली पास्तीझी कागदात गुंडाळून टाकली.

तिसऱ्या दिवशी आम्ही गोझोला निघालो. गोझो हे माल्टाचंच धाकटं बेट. उत्तरेच्या टोकाला बसनं जायचं आणि तिथून मोठी बोट पकडायची, पंचवीस मिनिटांत पलीकडे. धक्क्यावर पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते. जाऊबाई म्हणाल्या, "मी जरा जाऊन येते," आणि बाथरूमकडे गेल्या. त्यांच्या भारतीय सिमवर इथे काही चालत नव्हतं. हॉटेलबाहेर पडलं की त्यांचा फोन माझ्या हॉटस्पॉटवर. म्हणून सगळ्या नातेवाइकांना त्यांनी माझा नंबर देऊन ठेवला होता.

माझा फोन वाजला. त्यांचा भाचा होता.

"काकू, आत्या आहे का जवळ? तिचा फोन लागत नाहीये. बाबांना अटॅक आलाय पहाटे. कोल्हापूरला आणलंय. बायपास करायचीय, चारला आत नेणार आहेत. शुद्धीवर आहेत. एकदा आत्याशी बोलायचंय म्हणतात."

आमच्याकडे पावणेदहा म्हणजे तिकडे सव्वा वाजलेला. चार म्हणजे आमचे साडेबारा.

"हो," मी म्हटलं. "सांगते."

फोन ठेवला. त्या क्षणी माझ्या मनात काही कट नव्हता, हे खरं आहे. पण जाऊबाई बाथरूममधून बाहेर आल्या, ओले हात पदराला पुसत. हात पुसायची तीच पद्धत, तोच पदराचा कोपरा. म्हणाल्या, "चल गं, बोट सुटेल. मला खिडकीजवळ बसायचंय." आणि मी गप्प राहिले.

फोन पर्समध्ये टाकण्याआधी मी हॉटस्पॉट बंद केला.

बोटीत त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. मध्ये एक छोटं ओसाड बेट लागलं, त्याच्या बाजूचं पाणी इतकं निळं की खोटं वाटावं. त्या फोटो काढत होत्या. "नेट येत नाहीये गं."

"समुद्रात रेंज नसते वहिनी."

"बरं. तिकडे गेल्यावर पाठवते दादाला."

मला वाटलं होतं की छातीत धडधडेल. तसं काही झालं नाही. उलट फार दिवसांनी पोटभर झोप झाल्यावर वाटतं तसं वाटलं. मी त्यांना सगळं नीट दाखवलं. गोझोच्या मधोमध टेकडीवर किल्ला आहे. त्याच्या तटावरून अख्खं बेट दिसतं, चारी बाजूंना समुद्र. मी त्यांना हात धरून वर नेलं, पाणी दिलं, टोपी दिली. कुठला घुमट कुठल्या गावाचा ते सांगितलं. अकराला भाच्याचा मेसेज आला, "काकू झालं का बोलणं? बाबा विचारतायत." मी लिहिलं, "इथे रेंज फार कमी आहे, प्रयत्न करते." त्यानंतर फोन सायलेंटवर टाकला. बाबा विचारतायत, हे वाचताना मला दाराकडे बघणारी आई दिसली. मी मनात म्हटलं, आता बघा.

किल्ल्यावरून आम्ही बसनं उत्तरेच्या किनाऱ्यावर गेलो. तिथे समुद्रालगतच्या खडकात शेकडो चौकोनी खाचा खोदल्यात, त्यात खारं पाणी साठवून मीठ करतात. एक बाई खराट्यानं मीठ गोळा करत होती. जाऊबाईंनी चप्पल काढून खडकावर पाय ठेवला, चटका बसला, पुन्हा घातली. मग वाकून चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं.

"आमच्याकडे मिठागरं होती. मी आणि दादा पळून जायचो तिकडे. पाय फुटायचे. तो मला पाठीवर घेऊन यायचा." आणि हसून म्हणाल्या, "त्याला नेऊ का गं एक पुडी? पण डॉक्टरांनी मीठ बंद केलंय त्याला. नुसती शोभेला ठेवेल."

मी घड्याळ बघितलं. सव्वाबारा. अजून पंधरा मिनिटं होती. फोन पर्समध्ये होता आणि रेंज भरपूर होती. त्या वाकून पुडी निवडत होत्या आणि मी त्यांच्या मागे उभी राहून मिनिटं जाऊ देत होते. यात माझ्याकडून विसर, गडबड, गैरसमज काहीही नव्हतं. मी उभी राहून साडेबारा होऊ दिले.

साडेबारा झाले आणि मी म्हटलं, "चला वहिनी, जेवू या."

जेवण झालं, आणखी एक देऊळ बघून झालं. परतीच्या बोटीत आम्ही पुन्हा खिडकीजवळ बसलो. चार वाजले होते. बोट सुटली तेव्हा मी बोलले. ते वाक्य मला पाठच होतं.

"वहिनी, सकाळी तुमच्या भाच्याचा फोन होता. दादांना जरा बरं नाही म्हणे. म्हटलं फिरणं होऊ दे, मग सांगू."

मला वाटत होतं की त्या शब्द ओळखतील. त्यांचा चेहरा बदलेल, आणि ज्याची मी इतकी वर्षं वाट बघितली ते मला दिसेल. त्यांनी काहीच ओळखलं नाही. त्या फक्त म्हणाल्या, "म्हणजे? काय झालंय?" मी सांगितलं. बायपास, चार वाजता, कोल्हापूर. त्यांनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. त्यांना तो उघडता येईना. मी उघडून, लावून दिला. भाचा म्हणाला की साडेतीन तास झाले आत नेऊन, अजून बाहेर आणलं नाही. एवढं बोलून त्याला रडू आलं. समुद्रात आवाज तुटला.

मग जाऊबाईंनी माझा हात धरला. दोन्ही हातांनी, घट्ट. बोटीत त्यांच्या ओळखीचं मीच एक माणूस होते. त्या पुटपुटत होत्या, "देवा, देवा," आणि माझा हात सोडत नव्हत्या. त्यांची नखं मला रुतत होती. मी हात काढून घेतला नाही, आणि दाबलाही नाही. समोरच्या सीटवरच्या एका बाईनं त्यांना पाण्याची बाटली दिली. ते मला सुचलं नव्हतं.

हॉटेलवर पोचेपर्यंत दीड तास गेला. खोलीत शिरलो आणि मेसेज आला की ऑपरेशन नीट झालं, धोका टळला. त्या पलंगावर बसून मोठ्यानं रडल्या. मग तोंड धुतलं आणि भाच्याशी बराच वेळ बोलल्या. मी बाल्कनीत उभी होते. आतून आवाज येत होता. "हो... हो का? कधी केला होतास तू?... पावणेदहा?... बरं."

त्यानंतरचे दोन दिवस त्या माझ्याशी फक्त कामापुरतं बोलल्या. माल्टाच्या मधोमध असलेल्या इम्दिना या जुन्या गावात आम्ही दोघी फिरलो. ते गाव इतकं शांत आहे की चपलांचा आवाज भिंतींवरून परत येतो. आमच्याइतकं गप्प तिथेही कुणी नसेल.

बर्लिनला विमानातून उतरलो आणि वोल्फ्सबुर्गची गाडी पकडली. घाईत तिकीट काढताना मी बघितलं नव्हतं, आमच्या जागा शांत डब्यात होत्या. जर्मन गाड्यांत असा डबा असतो, तिथे फोन नाही, गप्पा नाहीत. काचेवर ओठांवर बोट ठेवलेलं चित्र. गाडी सुटून दहा मिनिटं झाली असतील, आणि जाऊबाई एकदम मोठ्यानं म्हणाल्या,

"तुला पावणेदहाला कळलं होतं."

पलीकडच्या गृहस्थांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि चित्राकडे बोट दाखवलं. "रूहेबराइष, बिटे."

मी त्यांची माफी मागितली. जाऊबाई माझ्याकडे सरकल्या. मग जे काही झालं ते सगळं कुजबुजत झालं.

"पावणेदहाला कळलं होतं की नाही?"

"हो."

"आणि मला चारला सांगितलंस."

"हो."

"का गं? मी काय केलं होतं तुझं?"

"मुंजीच्या दिवशी माझ्या बाबांचा फोन कितीला आला होता वहिनी?"

त्यांना कळायला वेळ लागला. खिडकीबाहेर पवनचक्क्या फिरत होत्या. मग त्या म्हणाल्या, "ते अजून धरून बसलीयस?"

"आई गेली माझी. ती काही परत आली नाही, मग मी सोडून कशी देऊ?"

"मी एकटीनं नव्हतं ठरवलं ते. मी आईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, कार्य होऊ दे, आत्ता ती रडायला लागली तर मंगलकार्यात कसं दिसेल, जेवणं झाली की सांग."

आई म्हणजे आमच्या सासूबाई. मला प्रथम राग आला की मेलेल्या माणसावर ढकलतात. सासूबाई माझ्याकडे आल्या होत्या तेव्हा माझ्या डोक्याला तेल लावून देत. माझी आई गेली त्या वर्षी त्यांनी मला कुशीत घेऊन झोपवलं होतं. त्यांनी असं म्हटलं असेल? म्हटलं असेलही. त्यांना विचारायची सोय आता राहिलेली नाही.

"त्या म्हणाल्या असतील," मी म्हटलं. "पण तुम्हाला तोंड होतं. जिना चढून वर येऊन माझ्या कानात सांगता आलं असतं."

"आलं असतं."

"मग?"

त्यांनी पदराचा कोपरा बोटाभोवती गुंडाळला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या मुलाची मुंज होती. सगळं नीट व्हायला हवं होतं मला. तू गेली असतीस तर वाढायला कोण होतं? तुझी आई जाईल असं नव्हतं वाटलं. नुसतं बरं नाही म्हणाले होते तुझे बाबा."

"नुसतं बरं नाही म्हणाले? तिला पाठवा, असं नव्हते म्हणाले?"

पलीकडच्या गृहस्थांनी पुन्हा मान वर केली. आम्ही दोघी थांबलो. त्यांनी पान उलटल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "म्हणाले होते."

एवढंच. ते दोन शब्द ऐकायला मला बावीस वर्षं लागली. मी बाहेर बघत बसले. रडू आलं, पण त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.

थोड्या वेळानं त्या पुन्हा बोलल्या. "दादा गेला असता तर?"

"तर आपण दोघी सारख्या झालो असतो."

"नाही," त्या म्हणाल्या. "तुझी आई जाईल अशी मला भीती वाटली नव्हती. दादाला चार वाजता आत नेणार हे तुला माहीत होतं. तू घड्याळ बघत होतीस. मिठाच्या तिथे. मी बघितलं होतं तुला."

कारखान्याची चार धुराडी दिसायला लागली आणि मी वरच्या फळीवरून बॅगा काढल्या.

त्यांनी मुक्काम कमी केला. तीन दिवसांनी फ्रँकफर्टहून गेल्या. जाताना माझ्या मुलीला जवळ घेतलं, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. पुण्यात त्यांनी सगळ्यांना सांगितलं असणार, कारण महिनाभरानं नवऱ्यानं भाजी चिरता चिरता विचारलं, "वहिनी म्हणतात ते खरं आहे का?"

"खरं आहे."

"असं कसं करवलं तुला?"

"तुला तेव्हा 'लक्षात आलं नसेल' म्हणवलं ना? तसंच."

तो चिरलेली भाजी तशीच ठेवून बाहेर गेला. आठवडाभर आमच्यात अंतर होतं, मग हळूहळू भरलं.

दादा बरे आहेत. रोज फिरायला जातात असं ऐकते. त्याचा मला आनंद आहे, आणि तो खोटा नाही. पण कुणी मला विचारलं की पुन्हा तो धक्का, तो फोन, ती बोट आली तर काय करशील, तर लगेच "सांगेन" असं मला म्हणता येत नाही. म्हणता यायला हवं. मी तो दिवस बऱ्याचदा मनात आणून बघितलाय. दर वेळी सव्वाबारापर्यंत येते आणि गप्पच राहते.

गौरी-गणपतीला जाऊबाईंचा फोन आला. नवऱ्यानं स्पीकरवर टाकला, त्याच्याशी बोलून झाल्यावर फोन माझ्यापुढे केला. माझ्या लग्नापासून त्या मला अगं-तुगं करत आल्या आहेत, रागातसुद्धा, गाडीतल्या त्या भांडणातसुद्धा.

"कशा आहात तुम्ही?" त्यांनी विचारलं.

नवरा दचकून माझ्याकडे बघायला लागला.

"बरी आहे वहिनी. तुम्ही?"

"मी बरी आहे. तुमच्या मुलीची परीक्षा झाली का?"

"झाली. चांगली गेली."

"बरं. ठेवते मग. सांभाळून राहा."

फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, "हे काय नवीन? त्यांना सांग ना, 'तू'च म्हणा म्हणून."

"नको," मी म्हटलं. "राहू दे असंच."